गफूरचाचांची लाल उशी

आज दुपारी इंदापुरात गफूरचाचांना माती दिली.

गिटार वाजवताना माझ्या मांडीवर जी लाल उशी असते, फोटोत बघून तुम्ही "इम्पोर्टेड का गं?" विचारता, ती त्यांनी शिवलेली. ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचे ते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी निरवांगीची, कॉलेजसाठी इंदापुरात मावशीकडे राहायचे. दर रविवारी एसटीने बारामतीला जायचे. तिथे एका कारखान्यात इंजिनिअर असलेले सर क्लासिकल गिटार शिकवायचे.

क्लासिकलला बसायची रीत ठरलेली. डावा पाय छोट्या स्टुलावर, गिटार डाव्या मांडीवर. स्टूल कुठलं आलंय! मी जेवायचा पाट आणि त्याखाली वीट घ्यायचे. रोज तीन तास.

दीड वर्षात कंबर गेली.

धड बसता येईना, वाकता येईना. डॉक्टर म्हणाले, एक तर बसायची पद्धत बदल, नाहीतर वाजवणं सोड. आमच्या वडिलांना, अण्णांना, त्यातलं दुसरंच ऐकू आलं. दिवाळीपर्यंत बघ म्हणाले, न्हायतर ती गिटार माळ्यावर.

मी रात्रंदिवस त्याच काळजीत.

सरांनी एका परदेशी मासिकात फोटो दाखवले. दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे आणि मांडी उचलण्याऐवजी गिटारच उचलून धरायची, असे आधार. एक लोखंडी, रबरी वाट्यांनी गिटारला चिकटणारा. एक साधी उशी. आपल्याकडे दोन्ही मिळत नव्हते.

मला लोखंडी हवा होता. दिसायला भारी ना! मग जीपच्या काचेला देव चिकटवायच्या रबरी वाट्या आणल्या, लाकडाच्या पट्टीला जोडल्या. एप्रिलचं ऊन, वर पत्रा. दहा मिनिटांत वाट्या सुटल्या आणि गिटार फरशीवर. कडेची चीर अजून आहे.

हौस फिटली. मग उशी.

आणि उशी म्हटल्यावर गफूरचाचा. स्टँडच्या मागे दुकान होतं. पार निमगाव केतकीहून ट्रॅक्टरवाले त्यांच्याकडे यायचे, कारण माणूस बसवल्याशिवाय चाचा फोम कापत नसत. ड्रायव्हरला बसवायचे, मागं वळून नांगर बघायला लावायचे, ताण कुठं येतो तिथं खडूची रेघ मारायचे. मगच कात्री.

मी गिटार घेऊन गेले. चाचांनी कागद पसरला, गिटारची कड पेन्सिलीने उतरवून घेतली आणि गुरुवारी ये म्हणाले.

मला बसवलंच नाही.

गुरुवारी उशी तयार होती. लाल रेक्झिन, दुहेरी शिलाई. गिटारला अगदी चपखल. पण माझ्या मांडीवरून घसरायची, आणि उंचीला इतकी कमी की मी परत पोक काढूनच. अर्ध्या तासात कळ.

मी तेव्हा फार तापट होते. (आताही आहे, गप्प बसा.)

उशी नेऊन त्यांच्या टेबलावर आपटली. दुकानात दोन-तीन ड्रायव्हर उभे होते, त्यांच्यादेखत मी म्हणाले, "तुम्ही ट्रॅक्टरचंच शिवा. दिवाळीला माझी गिटार माळ्यावर जाईल, तुम्हाला काय त्याचं?"

चाचांनी उशी उचलून आत ठेवली.

दोन दिवसांनी त्यांची बायको, चाची, मावशीच्या दारात. गिटार घे आणि घरी चल म्हणाल्या.

घरी चाचींनी मला खुर्चीवर बसवलं. चाचा बाहेर ओसरीवर, आमच्याकडे पाठ करून. चाचींच्या हातात टेप आणि खडू. मला सांगितलं, दमेपर्यंत वाजव.

मी वाजवत राहिले. चाचा बाहेरून विचारायचे, मांडीपासून गिटार किती वर, गुडघ्याकडं किती, पोटाकडं किती. चाची मोजून सांगायच्या. मध्येच चाचा म्हणाले, पोरीची पाठ वाकली बघ, आवाज दबला.

खरंच वाकली होती.

मग तसेच पाठमोरे म्हणाले, "चूक माजी हाय, पोरी. गिटारचं माप घेतलं, तुजं न्हाय घेतलं. दुकानात चार गडी उभं. लेकीबाळीला तितं बसवून मांडीचं माप कसं घेऊ? लाजलो मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणायचं होतं.

म्हटलं नाही.

दुसरी उशी खालून मांडीच्या गोलाईची, एका बाजूला चार बोटं जास्त जाड. दिवाळीला अण्णांसमोर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तासभर वाजवलं. उठताना कमरेवर हात गेला नाही. अण्णा म्हणाले, "हं."

आमच्याकडे यालाच टाळ्या म्हणतात.

पुढे त्या उशीचं रेक्झिन तीनदा बदललं, तिन्ही वेळा चाचांनीच. दर वेळी एकच प्रश्न. "कंबर काय म्हणती?" मी म्हणायचे, ठीक हाय चाचा. आणि दर वेळी मी ते सॉरी पुढच्या खेपेवर ढकलायचे.

आज पुरुष माणसं कब्रस्तानात गेली, मी चाचींजवळ बसले होते. शेवटची काही वर्षं चाचा घरीच काम करायचे. समोर ओसरीवर त्यांची मशीन, त्यांची खुर्ची.

खुर्चीवर पाठीला ती पहिली उशी.

तीच. रंग उडालेली, कोपऱ्यात फाटलेली. मला वाटलं होतं, कधीच फेकून दिली असेल.

चाची म्हणाल्या, "फेकू दिली न्हाय त्यांनी. म्हनायचे, लाजून काम बिघडवलं त्याची आठवन ऱ्हाऊ दे. तवापासनं बाईमाणूस आलं की माप मीच घ्यायची."

मी भर दुकानात आपटलेली उशी ते इतकी वर्षं पाठीशी घेऊन बसले. आणि चूक स्वतःचीच धरली.

चाचा, त्या दिवशी मी चुकले. हे तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं, सगळ्या ड्रायव्हरांदेखत. म्हणून आज इथं, सगळ्यांदेखत.

नीट जा चाचा.

कंबर ठीक हाय.