लिफ्टमधला तास

मे महिन्यातली दुपार होती. सासऱ्यांचे डोळे डॉक्टरांकडून तपासून घेऊन मी आणि ते शहराबाहेर वाघोलीच्या आमच्या इमारतीत परतलो आणि चौथ्या-पाचव्या मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली. दिवा गेला, पंखाही गेला. वॉचमन फोनवर म्हणाला, "माणूस बोलावलाय मॅडम, अर्धा तास लागेल."

सासरे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य जुन्या पुण्यात, कसबा पेठेत काढलेलं. माझी कॉलेजातली नोकरी इकडे, म्हणून वर्षापूर्वी मीच हट्टाने सगळ्यांना इथे आणलं. तेव्हापासून आमचं दोघांचं बोलणं जेवायला वाढण्यापुरतंच उरलं होतं.

अंधारात त्यांना धाप लागली. माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "काहीतरी बोल. गप्प राहू नकोस."

दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचं होतं तेच मी सुरू केलं, पृथ्वी आतून गरम का ते. पृथ्वी घडताना मोठमोठे खडक एकमेकांवर आदळले, जड लोखंड बुडत मध्यभागी गेलं आणि त्या सगळ्यातून प्रचंड उष्णता निर्माण झाली.

"मग अजून निवली कशी नाही?" त्यांनी विचारलं.

"वरच्या खडकांतून ती फार हळू बाहेर पडते. शिवाय आत युरेनियम, थोरियम आहे. त्यांचे अणू आपोआप फुटत राहतात, त्यातून नवी उष्णता येते."

"सूर्यातही तेच?"

"नाही, बाबा. सूर्य इतका अवजड आहे की त्याचा मध्यभाग स्वतःच्याच भाराने दाबला जातो. तिथे हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून हेलियम होतो. त्यातून त्याची उष्णता येते."

"आणि गुरू?"

"तो अजून हळूहळू आकसतोय. त्यामुळे आतून गरम आहे."

मग ते म्हणाले, "मला इथे रोज असंच अडकल्यासारखं वाटतं. लिफ्ट चालू असली तरी."

नोकरी सोडता येत नव्हती. त्यांना कसब्यात एकटं ठेवणंही जमणार नव्हतं. मी सॉरी म्हणाले. ते म्हणाले, "शनीचं सांग."

तासाभराने दार उघडलं. बाहेर पडताना ते वॉचमनला म्हणाले, "तुमचा अर्धा तास बराच मोठा असतो."

आता दर मंगळवारी ते बसने कसब्याजवळच्या मंडईत जातात आणि खाली दुकानात मिळणारीच गवार संध्याकाळी घेऊन येतात. मी ती मुकाट्याने निवडते.