गुप्त खवणी

मी संशोधक आहे, हे आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये माझ्याखेरीज कोणालाही मान्य नाही.

विजेवरच्या खवण्या बाजारात ढिगानं मिळतात, हे मलाही कळतं. पण त्यांत नारळाची वाटी हातानं धरावी लागते! गेल्या गणपतीत मोदकांचं खोबरं खवताना आईची बोटं सोलून निघाली आणि मी पेटलो. जुनं ड्रिल मशीन, त्याला खवणीचं पातं आणि वाटी घट्ट पकडणारा स्प्रिंगचा चिमटा. बटण दाबा, लांब उभे राहा, खोबरं तयार! तो चिमटा म्हणजे माझा शोध.

मित्राच्या ओळखीनं पेटंटचं काम करणारे बापट वकील मिळाले. फोनवर म्हणाले, "अर्ज दाखल होईपर्यंत कोणाला दाखवू नका, बोलू नका. रविवारी मी येऊन बघतो."

झालं! मी बेडरूमच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली, दाराला कुलूप ठोकलं. बायकोला तेवढं सांगणं भाग होतं (बेडरूम तिचीही होती).

"सुषमा, कोणाला सांगायचं नाही. कोणाला म्हणजे कोणालाच!"

"मी कशाला बोलू? मला लाज नाही का?"

रविवारी बेल वाजली. दारात शेजारच्या सावंतकाकू, हातात नारळांची पिशवी. त्यांच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या बायका, त्यांच्याही हातात नारळ. रांग पार जिन्यापर्यंत!

"उद्या गणपती ना रे. आमचे पण खवून दे पटापट."

"काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं!"

मी गर्रकन वळलो. आई शांत. "मिया खंय कोणाक सांगलंय? फक्त सावंतीणीक सांगलंय. ती काय परकी?"

"आणि तुला कोणी सांगितलं?"

आईनं सुषमाकडे पाहिलं. सुषमानं छताकडे.

संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली. मी दारात हात पसरून उभा राहिलो. "कोणी आत यायचं नाही! माझी कल्पना चोरीला जाईल!"

"अरे, खोबरं दे मला," काकू म्हणाल्या, "कल्पना ठेव तुझ्याकडे!"

इतक्यात रांगेतून वाट काढत बापट वर आले. "पत्ता सापडला लगेच. वॉचमनच म्हणाला, वो सीक्रेट मशीन वाला? चौथा माला!"

मी त्यांना बेडरूममध्ये ओढलं. "माझो नारळ आसा" असं म्हणत आईही घुसली. कडी लावली, चिमट्यात वाटी बसवली, बटण दाबलं.

भुरुभुरु पांढरंशुभ्र खोबरं पडायला लागलं! माझा ऊर भरून आला. आणि चिमटा सटकला.

वाटी उडाली ती थेट पंख्यावर. पंख्यानं ती भिरकावली सुषमाच्या ड्रेसिंग टेबलावर. आरसा खळकन फुटला! पातं मात्र गरगरतच होतं. ताटातलं खोबरं उधळून बापटांच्या केसांत, चष्म्यावर, शर्टाच्या खिशात!

"झालं का रे खवून?" बाहेरून काकू.

मी प्लग उपटला. बापट चष्मा पुसत होते.

"साहेब," मी कळवळून म्हणालो, "आता सगळ्या बिल्डिंगला कळलंय हो. कोणी चोरलं तर?"

बापटांनी चष्मा चढवला. "निश्चिंत राहा. हे कोणी चोरणार नाही."

हा निव्वळ अपमान होता! मी ईर्ष्येला पेटून ते मशीन मुद्दाम जिन्यात उघड्यावर ठेवलं. चोरा म्हटलं, बघू! लोक त्याला वळसा घालून जायचे. परवा मात्र मशीन जागेवर नव्हतं. मी आनंदानं घरात धावलो. "आई, चोरीला गेलं! शेवटी कोणाला तरी किंमत कळली!"

"खंयची चोरी?" आई म्हणाली. "मियाच कचरेवाल्याक दिलंय. तोपण घेयना. हातापाया पडान दिलंय!"