मास्तरांनी काही शिकवलं नाही

जालन्याच्या मिशनातल्या आमच्या मास्तरांनी अख्ख्या दुनियेचे दोनच भाग केले होते, आतले आणि बाहेरचे. बाप्तिस्मा घेतलेले ते आतले. बाकी सगळे बाहेर. त्यात निजामाचे अंमलदार होते, बाजारातले शेठ होते, आणि तिसरीतून शाळा सोडून पोटासाठी बिदरकडून इतक्या लांब आलेला मिशनचा गाडीवान, म्हणजे मीही, सुरुवातीला होतो. मी बैल जुंपत असलो की मास्तर शेजारी उभे राहून कीव करायचे. "चांगला माणूस आहेस बाबा, पण बाहेर आहेस," हे ते अशा आवाजात म्हणत, की जणू मी फलाटावर उभा आहे आणि गाडी सुटून गेली आहे. शेवटी मी आत गेलो. थोडा धर्मासाठी, बराचसा त्यांचं मन राखण्यासाठी.

खेड्यांवर जाताना त्यांच्या कोटाच्या खिशात औषधाच्या बाटलीत पाणी असे. मरणाऱ्याची इच्छा असली आणि फादर जवळ नसले, तर कुणीही त्याला बाप्तिस्मा देऊ शकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे नुसता ताप आलेला माणूस दिसला तरी त्यांचा हात खिशाकडे जाई. धावड्याला एक म्हातारा शेवटच्या घटकेला आलाय असं कळल्यावर त्यांनी भरल्या ताटावरून उठून मला गाडी पळवायला लावली. बूच काढून उशाशी बसले आणि कानात म्हणाले, "बाबा, आत येता का?" म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "आत तंबाखू भेटती का?" मास्तरांनी बूच परत लावलं. "ह्याला अजून टाईम आहे," म्हणाले. पण परतीच्या वाटेवर ते बेचैन होते. "तंबाखूचं फादरला विचारून ठिवावं का रे?"

एवढं सगळं करून त्यांच्या स्वतःच्या घरात, चुलीपाशी, एक माणूस बाहेरचं होतं. त्यांची बायको. मी तिला मावशी म्हणायचो. परक्या गावात गरम भाकरी ताटात पडते ती काय चीज असते, हे तिच्यामुळे मला कळलं. संध्याकाळी मास्तर आमच्याकडून धर्माची प्रश्नोत्तरी पाठ करून घेत. कुणाचं उत्तर अडलं की मावशी भाकरी थापता थापता चुलीपासून ते पुरं करी. मास्तर अडले तरी तीच सांगे.

"एवढं येतंय तर बाप्तिस्मा घे ना," मास्तर म्हणायचे.

"माझी माय बाहेरच गेली. मी आत येऊन तिला कुठं हुडकू?"

"असं म्हणायचं न्हाई."

"मंग काय म्हणू? तुमी बसा आत. मी भाकरी करून राह्यले."

मावशी पटकीनं गेली. मास्तर बूच काढून बसले होते. त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. "न्हाई म्हणलं ना." शुद्धीवरच्या माणसावर मर्जीविरुद्ध बाप्तिस्मा लादता येत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी त्या पाण्यानं तिचे ओठ ओले केले, बस. मिशनच्या कबरस्तानात तिला जागा नव्हती. कुंपणाच्या बाहेर, बोरीखाली माती दिली.

मास्तरांनी फादरना एकच विचारलं, तिचं काय? फादर परदेशातून आलेले, पुस्तकातलं मराठी बोलत, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ज्यांना ख्रिस्तसभा ठाऊकच नव्हती, त्यांचा दोष देव धरीत नाही. परंतु आपल्या पत्नीस अज्ञानी कसे म्हणावे? आपल्यासारखा शिक्षक तिच्या घरातच होता." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. नवऱ्याला जन्मात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी मेलेल्या बायकोच्या गळ्यात धोंड्यासारखी बांधली गेली.

त्या दिवसापासून मास्तर स्वतःचं नाव खराब करायच्या मागे लागले. इतकी वर्षं ज्या शिकवण्याचा तोरा मिरवला, ते त्यांनी वाकडं करून टाकलं. देवाच्या दहा आज्ञांच्या अकरा झाल्या. शेजाऱ्याच्या ज्वारीत बैल सोडू नये, ही अकरावी. बाजारात ओळखीच्याला थांबवून सांगत, "मला बिलकुल शिकवता येत न्हाई. घरच्या माणसालाबी माझं काही कळलं न्हाई." लोक म्हणत, बायको गेली आन् डोकं फिरलं. मला तसं वाटलं नाही. ते मला कधी नव्हे इतके शुद्धीवर दिसत होते.

शेवटी मास्तरांचं शिकवणं तपासायला फादरनी मला बोलावलं. माझं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायचा विधी, जवळ आलं होतं, आणि उत्तरं आली नाहीत तर मिशनची गाडी हातातून जाईल ही धास्ती होती. बिदरला परत जाऊन मी काय तोंड दाखवणार होतो?

"ख्रिस्तसभेबाहेर तारण आहे काय?" फादरनी विचारलं.

अख्खं उत्तर जिभेवर होतं. मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"फादर, मास्तरांनी काही शिकवलं न्हाई."

त्यांनी आणखी प्रश्न विचारले. मी अंगठाच बघत राहिलो. फादरनी प्रश्नोत्तरीचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "असे असेल तर ती बिचारी खरोखर अज्ञानातच गेली. तिला आपण देवाच्या दयेवर सोपवू." आणि त्याच दमात, असल्या शिक्षकाचं मिशनला काम नाही, असंही म्हणाले. माझी गाडी राहिली. दृढीकरण लांबलं.

मास्तरांना त्यांच्या भावाकडे वाटूरला सोडायला मीच गेलो होतो. जालना मागं पडलं तसं त्यांनी विचारलं, "काय म्हणले फादर? शबूद न् शबूद सांग." मी सांगितलं. "परत सांग." परत सांगितलं. "देवाच्या दयेवर," ते स्वतःशीच म्हणाले, "बराबर." वाटूरची झाडं दिसली. उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पण एखाद्या प्रश्नाचं तरी उत्तर द्यायचं होतं रे. इतकाबी वाईट न्हाई मी."

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. ते आत गेले की बाहेर, मला कुणी सांगितलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून पाठ आहे. आठवतं तेव्हा ते मास्तरांच्या आवाजात येत नाही. चुलीपासून येतं, भाकरी थापल्याच्या आवाजासकट, कुठंही न अडखळता. म्हणून मी ते कुणापुढं म्हणत नाही.