जुन्या नावाचं पाकीट

फोटोअण्णा कुठल्याच नवरीला सासरच्या नावाने ओळखत नसत. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि मुलगी त्या नावाची होते. अण्णा त्याचा फोटो आवडीने काढत, पण निगेटिव्हच्या पाकिटावर मला माहेरचंच नाव लिहायला लावत. म्हणत, "माय हुडकत येती ती जुन्या नावानंच."

खटकचिंचोळीत त्यांचं दुकान होतं. मी चौथी शिकलेली. अक्षर बरं म्हणून त्यांनी मला पाकिटांवर नावं घालायला आणि अल्बमला फोटो चिकटवायला ठेवलं होतं. चपलांच्या खोक्यांत ही पाकिटं असत. नवरीच्या माहेरच्या गावाला एक खोकं. खोक्यांवर मात्र काही लिहिलेलं नसे. कुठलं कुठं आहे ते अण्णांनाच ठाऊक.

एकदा एक सासूबाई सुनेचा फोटो मागायला आल्या. म्हणाल्या, "संगीताचा द्या."

"संगीता न्हाई इथं. सुनेचं माहेरचं नाव सांगा."

"मला काय ठाव?"

"मग आठ दिवस तिच्यासंगं बोला, अन् या."

बाई फणकारत गेल्या. चौथ्या दिवशी नाव घेऊन आल्या.

पुढे मागच्या भिंतीला ओल आली. आमच्या गावचं खोकं तिथेच होतं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ती खोकी जरा..."

"हात लावू नको गं. एक हाललं की माझं समदंच चुकतंय."

मी परत पाकिटं लिहायला बसले. मोठ्या माणसाला पुन्हा सांगणं मला कधी जमलं नाही.

माझी धाकटी बहीण शकू लग्न होऊन पुण्याला गेली. नवरा तिकडे बांधकामावर होता. वर्षाच्या आत ती तापाने गेली. अल्बम सासरी होता, त्यांनी दिला नाही. आई दुकानात आली. म्हणाली, "अण्णा, माझ्या शकूचं तोंड दावा एकदा."

अण्णांनी न बघता खोकं काढलं. पाकीटही लगेच सापडलं. आतल्या पट्ट्या मात्र एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. त्यांनी त्या पाण्यात भिजवल्या आणि संध्याकाळपर्यंत नखाने सोडवत बसले. वरचा पापुद्राच निघून आला. पट्टी कोरी राहिली.

"अक्का, चुकलं माझं," ते आईला म्हणाले. चूक कोणाची ते मला माहीत होतं. तेव्हाही मी बोलले नाही.

त्यानंतर अण्णांनी कॅमेरा धरला नाही. मुलाने त्यांना हैदराबादला नेलं. खोकी तशीच राहिली. ते तिकडेच वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं.

आई ते रिकामं पाकीट उशाखाली ठेवते. तिला वाचता येत नाही. शकूचं नाव कुठं हाय, म्हणून विचारते. मी तिचं बोट धरून माझ्या अक्षरावर ठेवते.