ओळ किती पायऱ्या आत?

मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात छोटा हाच. पण मिरवायचा झाला तर मी हाच मिरवते, आणि चांगला मिरवते.

आमच्या ऑफिसात शनिवार पेठेतले एक सर आहेत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, कोडमध्ये बाप माणूस, तोंडाने तिखट. मी अमरावतीहून नवीन आले तेव्हा माझा कोड पाहून म्हणाले होते, "चालतोय हो. पण का चालतोय ते तुम्हालाही माहीत नाही." पुढे त्यांची नजर गेली. वरून पत्र आलं: सरांना कोडवरून काढून फाइलींच्या कामाला लावायचं. मला असा राग आला! डोक्याने काम करणारा माणूस, डोळे गेले म्हणून अडगळीत टाकायचा?

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ओळ डावीकडून किती स्पेस सोडून आत सरकवली आहे यावर सगळा अर्थ ठरतो. सरांच्या मशीनवरचं, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन नेमकं तेच गिळायचं. म्हणून मी त्यांच्या एडिटरसाठी, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी, पायथनमध्येच एक जोडप्रोग्रॅम, प्लगइन, लिहायला घेतलं. ते एडिटरच्या बाहेर, वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालतं. एडिटर त्याला ओळ पाठवतो, ते बोलतं, आणि बोलणं चालू असताना एडिटर अडकून बसत नाही. "चार स्पेस, आठ स्पेस नको," सर म्हणाले. "पायऱ्या सांगा. पेठेतल्या माणसाला जिने कळतात."

मॅनेजरांनी एक संधी दिली. त्यांनी आणलेल्या कोडच्या फाइलमधली चूक सरांनी त्यांच्यासमोर एकट्याने शोधायची. जमलं तर पत्र मागे.

त्या सकाळी खडकीच्या घरून मी शेवटची भर घालून पाठवली: पायऱ्या सांगणारी नवी कमांड. मीटिंग रूममध्ये मॅनेजरांसमोर सरांनी ती दिली. आवाजच नाही. पडद्यावर लाल अक्षरं.

"अशी कमांडच नाही म्हणतोय," मी वाचून दाखवलं. मी घाईघाईने कोड उघडायला गेले.

"अहो, थांबा. या मशीनवर नोंदणी केलीत?" सर म्हणाले.

अरे देवा! असल्या प्लगइनमध्ये नवी कमांड घातली की एडिटरकडे तिची नोंदणी करून तो पुन्हा सुरू करावा लागतो. घरी केली होती, इथे नाही. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊने करावी अशी चूक. सरांनी कीबोर्ड ओढला, नोंदणी केली, एडिटर बंद करून उघडला.

"ओळ एक्केचाळीस. तीन पायऱ्या आत," प्लगइन बोललं. मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

मॅनेजर हसले. "मॅडमची चूक पकडलीतच की. आता फाइल कशाला बघायची?"

"बघू ना. मी काय भाषणाला आलोय?"

सर एकेक ओळ ऐकत खाली गेले. चहा गार व्हायच्या आत थांबले. "ही बेरीज लूपच्या आत अडकलीय. दोन पायऱ्या आत आहे, एकच हवी."

बरोबर होतं. शेवटी एकदाच व्हायची बेरीज लूपच्या प्रत्येक फेरीला होत होती. मॅनेजरांनी पत्र घडी करून खिशात घातलं, "हे मी परत पाठवतो," म्हणाले आणि गेले.

माझा ऊर इतका भरून आला होता की मी खुर्चीतून हललेच नाही. सरांनी दोनदा घसा खाकरला.

"प्लगइन चांगलं झालंय," ते म्हणाले. "आता उठा. मला काम आहे."