ढिला बुश

रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी बरीच वर्षे घर सांभाळले आणि पन्नाशी जवळ आल्यावर परभणीतल्या आमच्याच लेथच्या दुकानात यजमानांकडून काम शिकू लागले. गिऱ्हाईक आले की मी मागे सरके. बोलणे त्यांचे, कातकाम माझे.

त्या वैशाखात पोखर्णीच्या रस्त्यावरचा एक रसवंतीवाला आला. त्याच्या चरकातल्या ऊस पिळणाऱ्या गोल लाटेचा आस पितळी बुशाच्या नळीत फिरे आणि बुशाला घातलेले तेल कधीकधी रसात उतरे. नायलॉनला तेल लागत नाही, म्हणून त्याने बाजारातून नायलॉनचा बुश आणून घट्ट बसवला. सकाळी तो छान चालला; दुपारी मात्र त्याने आसाला असे आवळले की मोटारीचा पट्टाच घसरू लागला. दोनच दिवसांवर पोखर्णीच्या देवळातली नृसिंह जयंती होती. दर्शनाला येणाऱ्या गर्दीचा तो दिवस हुकला, तर त्याचा उन्हाळाच हुकणार होता.

मी नायलॉनचाच नवा बुश कातून दिला. त्याने सोबत आणलेल्या आसावर चढवताच तो हलला.

“भाऊ, हे तर लय ढिल्लं हाय! खुळखुळा करून दिला का काय?”

“मला काय बघायलास? कातणारीला विचार,” यजमान म्हणाले.

आता बोलणे भागच होते. लोखंडापेक्षा नायलॉन उष्णतेने कितीतरी अधिक फुगते. बुश ज्यात बसतो त्या लोखंडी घराने बाहेरून धरल्यामुळे ते आत, आसाकडे वाढते. घर्षणाची उष्णता ते सहजी बाहेर जाऊ देत नाही. मग पृष्ठभाग मऊ पडतो, आसाला चिकटू पाहतो, घर्षण वाढते आणि त्याने उष्णता आणखी वाढते. “सकाळच्या गारव्यात घट्ट बसला, तर दुपारी आवळणारच,” मी म्हणाले. “हा मुद्दाम सैल ठेवला आहे. सकाळी थोडा वाजेल. वाजू द्या.”

त्याला ते पटले असे नाही. “मग वैनी, तुमीच या तिथं. काही झालं तर लोकांच्या शिव्या तुमी खा.”

जयंतीच्या दिवशी मी त्याच्या मांडवात जाऊन बसले. सकाळी बुश खरोखरच खडखडला. ऊन चढले तसा आवाज बसत गेला. दुपारी रांग रस्त्यापर्यंत पोचली, चरक थांबेचना, आणि त्या गलक्यात मला बारीक कुईकुई ऐकू आली. मऊ पडू लागलेला पृष्ठभाग आसाला चिकटत होता, सुटत होता, पुन्हा चिकटत होता. मी ठेवलेली जागा भरत आली होती.

“थांबवा,” मी म्हणाले. कोणालाच ऐकू गेले नाही. मी उठून चरकापाशी गेले. “चरक बंद करा. आत्ता!”

“वैनी, गिऱ्हाईक जायलंय!”

“बाई, रस पाजायलाव का नुसतं ऊन दाखवायलाव?” रांगेतून कोणी विचारले. लोक हसले.

माझी कानशिले तापली, पण मी जागची हलले नाही. “आता थांबलात तर थोडा वेळ जाईल. नाही थांबलात तर दिवस जाईल.”

त्याने बटण बंद केले. बर्फाच्या पाण्यात भिजवलेले फडके मी बुशाच्या घराभोवती गुंडाळले. ते गरम झाले की बदलले. काही माणसे निघून गेली, बरीचशी सावलीला टेकली. लाट हाताने सहज फिरू लागली, तेव्हाच मी चरक सुरू करायला सांगितले. कुईकुई गेली होती. पुढे जेव्हा जेव्हा मी हात वर केला, तेव्हा तेव्हा त्याने लगेच बटण बंद केले. दिवेलागणीला ऊस संपला. चरक चालतच होता.

मला न्यायला यजमान आले, तेव्हा आम्ही बुश काढून पाहिला. तो झिजला होता, झिजणारच होता, पण सगळीकडून सारखा. आसावर नायलॉनचा पातळ, गुळगुळीत थर चढला होता. रसवंतीवाला तो घासून काढायला पॉलिश कागद घेऊन आला.

“त्याला हात लावू नका. तो थर आहे तोवर पुढची झीज कमी होईल.”

त्याने कागद खिशात घातला आणि यजमानांना ओलांडून मलाच विचारले, “वैनी, दुसऱ्या लाटेचा बुश कधी देता?”