अण्णांची जपानी शिकवणी

जपानी संस्कृतीवर मी एकेकाळी अधिकारवाणीने बोलत असे. ऑफिसने मला आठवडाभर टोकियोला पाठवलं होतं आणि तो आठवडा बहुतेक मीटिंग रूममध्येच गेला होता. एवढं भांडवल मला पुरेसं वाटलं!

२००५ साली आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूत राहत होतो. माझे सासरे, अण्णा, आमच्याकडे आले होते आणि परतताना वाटेत जपान बघणार होते. अण्णांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेलेली, त्यामुळे त्यांना बंद डबा दिसला की चैन पडत नाही. त्यांना मी बजावून ठेवलं, की जपानी माणूस ‘नको’ म्हणाला की नको. तिथे आग्रह करणं अगदी असभ्य समजतात. (हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही!)

“आग्रह नाही? मग पाहुणे जेवतात कसे?” अण्णांनी संशयाने विचारलं.

सराव म्हणून मी त्यांना शेजारच्या जपानी नोरिकोबाईंकडे चहाला नेलं. दारातच मी बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला. त्या हात हलवत म्हणाल्या, नको नको, कशाला त्रास घेतलात. मी तत्परतेने डबा परत पर्समध्ये टाकला. नोरिकोबाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ट्रक न तपासताच सोडून दिला होता.

चहाबरोबर तांदळाची गोड मिठाई आली. अण्णा सवयीने “नको नको” म्हणाले. मी भाषांतर केलं, की त्यांना नकोय. ताटली आत गेली, तिच्यामागोमाग अण्णांची नजरही गेली. मग नोरिकोबाईंनी रेशमी कापडात बांधलेली भेट अण्णांसमोर ठेवली. अण्णा संकोचून म्हणाले, “अहो, याची काय गरज होती!”

मी इंग्रजीत सांगितलं, “त्यांना याची गरज नाही.”

भेटही आत गेली.

त्यानंतर तिघंही आपापल्या कपात बघत बसलो. शेवटी अण्णा मराठीत हळूच म्हणाले, “मीनल, ही बाई ‘नको’ म्हणताना डब्याकडे बघत होती. नाक्यावर असं बघणाऱ्याला मी कधी सोडलं नाही.”

त्यांनी माझ्या पर्समधून डबा काढला आणि दोन्ही हातांनी, वाकून पुढे केला. त्या नको म्हणाल्या. अण्णांनी डबा आणखी पुढे सरकवला. त्या पुन्हा नको म्हणाल्या आणि मग दोन्ही हातांनी घेऊन तो न उघडताच बाजूला ठेवला.

“बघा, उघडलासुद्धा नाही,” मी कुजबुजले.

“आहेराचं पाकीट नवरी मांडवात उघडते का?” अण्णा म्हणाले.

पाठोपाठ भेट परत आली, मिठाईही आली. अण्णांनी दोन्हींना यथासांग नकार देऊन दोन्ही घेतल्या!

निघताना नोरिकोबाईंनी सांगितलं, की त्यांना भारत बघायचाय आणि तिथल्या रीतीभाती अण्णांकडून समजून घ्यायच्यात. दोघांचंही इंग्रजी जेमतेम, तेव्हा दुभाषी म्हणून मी सोबत यायला तयार झाले. दोघंही नको म्हणाले. मी समजूतदारपणे हसले आणि पुन्हा विचारलं. दोघंही पुन्हा नको म्हणाले. आता मला रीत पक्की कळली होती, म्हणून मी आणखी आग्रह केला.

तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, “मीनल, हे खरंच नको आहे.”